मनगटावरचा ळ

डॉक्टरांनी पाटीवर दोन शब्द लिहिले आणि पाटी माझ्या तोंडासमोर धरली. ऑप्टिक अ‍ॅट्रॉफी. अक्षरं ठळक होती, तरी मला ती एकेक करून वेचावी लागली, कारण तेव्हा मला सगळं बांबूच्या नळीतून पाहिल्यासारखं दिसायचं. खाली त्यांनी अर्थ लिहिला: डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी शीर सुकत चालली आहे.

"औषध?" मी तोंडाने विचारलं.

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "औषध नाही. नजर आहे तोवर जे पाहायचं ते पाहून घ्या."

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातली ही गोष्ट. पाटी लागत होती, कारण कान त्याच्या आधीच गेले होते. ज्यांच्या घरात असं दुखणं आलं आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. बहिऱ्यासाठी लोकांकडे हातवारे असतात, आंधळ्यासाठी शब्द असतात. ज्याचं दोन्ही गेलं त्याच्याशी कसं वागायचं, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

मी अकोल्याचा, जातीने माळी. मोर्णेच्या काठी आमचा मळा आहे. भाजी आणि फुलं पिकवायची, बाजारात नेऊन विकायची. वडील मी शाळेत असतानाच वारले. आमच्या कुळात मी पहिला बी.ए. हे मी लपवत नाही, आणि कुणी विसरलं तर आठवण करून देतो. अमरावतीच्या कॉलेजात शिकलो, सुट्टीत घरी येऊन वांग्यांच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या, आणि शेवटी अकोल्याच्या एका हायस्कुलात मराठी व्याकरणाचा मास्तर झालो. वर्गात पोरगं "मले" म्हणालं की मी त्याला "मला" म्हणायला लावत असे. "शाया" म्हणालं की "शाळा". आम्ही वऱ्हाडी लोक ळ ला य म्हणतो, आणि त्यावरून बाहेरचे लोक हसतात. माझ्या पोरांना कुणी हसू नये, एवढाच माझा हेतू होता.

दुखणं तापाने सुरू झालं. मान ताठ झाली, उजेड सहन होईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी सेरेब्रो-स्पायनल फीवर सांगितला, म्हणजे मेंदूवरच्या पडद्याला आलेली सूज. मला बडनेऱ्यावरून अमरावतीला नेलं. तिथे लंबर पंक्चर केलं. म्हणजे कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, पाठीच्या कण्यात सुई घालतात आणि आतलं पाणी काढतात. ज्यांना हे करून घ्यावं लागेल त्यांना सांगतो, भीती वाटते त्यापेक्षा ते बरंच कमी दुखतं. हलू मात्र नका.

शुद्धीवर आलो तेव्हा मला वाटलं, हा वॉर्ड किती शिस्तीचा आहे. कुणी खोकत नाही, भांडं वाजत नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तोंड उघडून बोलत होता आणि आवाज नव्हता. मग माझी आई पायथ्याशी उभी दिसली. तिचंही तोंड हलत होतं. तेव्हा मला कळलं.

कान गेले तरी मी घरी हिमतीने आलो. पाटी होती. माझा धाकटा भाऊ नामदेव मराठी चौथी शिकलेला, तो लिहून सांगे. शाळेने काही दिवस वाट पाहिली आणि मग दुसरा मास्तर नेमला. त्यात त्यांची चूक नव्हती. माझी बायको वेणू हिला अक्षर येत नव्हतं, पण आमचं अडत नव्हतं. ती हाताने, भुवयांनी, मानेने बोलायची. तिच्या एका भुवईत नामदेवाच्या पाटीभर मजकूर असे. आमची मुलगी मुक्ता तेव्हा नुकती पावलं टाकू लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यात कडेची माणसं दिसेनाशी झाली. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. पुन्हा अमरावती, पुन्हा ती लांबलचक ओसरी, जिथे आपला नंबर पुकारला तरी मला ऐकू येणार नव्हता, म्हणून नामदेव सकाळपासून माझा हात धरून बसला होता. आणि मग ती पाटी.

नजर एकदम जात नाही. ती सांगून जाते, आणि म्हणून जास्त त्रास देते. दसऱ्याला मला वेणूचा चेहरा दिसत होता, भुवई दिसत नव्हती. होळीला चेहऱ्याच्या जागी उजेडाचा डाग उरला. त्यानंतर तोही नाही.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे.

माझं तोंड शाबूत होतं. मी बोलू शकत होतो, प्रश्न विचारू शकत होतो. उत्तर येण्याची वाट मात्र बंद झाली होती. विहिरीत हाक मारावी आणि विहिरीने ती गिळून टाकावी तसं. नामदेव माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचा. पण दिवसभर मोट हाकून आलेला माणूस किती लिहील? "जेव." "ऊठ." "पाऊस आला." त्याने लिहिलेलं एवढंच माझं जग होतं. बाकी सगळं अंदाजाने. ओल्या मातीचा वास आला म्हणजे पाणी सोडलं. खाट हलली म्हणजे कुणी बसलं.

शाळेतले मास्तर भेटायला आले. ते शिकलेले, त्यांना लिहिता येत होतं. एकाने हातावर "बरे आहात?" लिहिलं. मी बरा आहे म्हणालो, आणि मनात होतं ते बोलू लागलो. पुढे खाट थोडीथोडी हलत राहिली, म्हणजे ते हसत होते, आपसात बोलत होते. मी त्यांना शाळेच्या नव्या इमारतीबद्दल बरंच विचारलं. शेवटी हात पुढे केला तर खाटेवर कुणीच नव्हतं. ते किती वेळापूर्वी उठून गेले होते, मला माहीत नाही.

लोक वाईट नसतात. पण मागून येऊन दंड धरतात आणि ओढत नेतात. लोटा उचलून दुसरीकडे ठेवतात. माझ्या डोक्यावरून हात फिरवतात, मला, ज्याने मॅट्रिकच्या पोरांना समास शिकवले. कुणाचा हात आहे हे सांगायचं त्यांना सुचत नाही.

आणि वेणू. नामदेवाकडे निदान अक्षरं होती. वेणूकडे भुवई होती आणि ती आता माझ्या कामाची नव्हती. तिचा हात मी ओळखत होतो. ताट देताना, अंघोळीचं पाणी काढताना तो लागायचा, आणि निघून जायचा. एकाच घरात राहून ती मला परगावी गेल्यासारखी झाली.

पेरण्या आटोपल्यावर बाळापूरहून माझे सासरे आले. सासऱ्यांचा धंदा बैलांचा. बैलबाजारात ते दलाली करतात. आमच्या भागात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर दुपट्टा टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. सासरे माझ्या खाटेवर बसले. बिड्यांच्या वासावरून मी त्यांना ओळखलं. माझ्याशी कसं बोलावं त्यांना कळेना. मग त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. माझा हात घेतला, वर दुपट्टा टाकला आणि माझी दोन बोटं दाबली.

मला आकडा कळला. दोन. मला वाटलं, दोन महिने. वेणूला दोन महिने माहेरी न्यायचं म्हणताहेत. थकली आहे पोरगी, जाऊ दे. मी मान डोलावली.

संध्याकाळी नामदेवाने माझ्या हातावर लिहिलं, "वहिनीला दिवाळीत नेणार."

"दोन महिन्यांसाठी ना?"

त्याने माझा तळहात नीट उघडून धरला. मग एकेक अक्षर. "दोघींना. मुक्तालाही. कायमचं."

मी मान डोलावल्यावर ओसरीवर जे झालं ते मला पुष्कळ दिवसांनी समजलं. आई सासऱ्यांना म्हणाली होती, "याहीबुवा, त्याले काय समजलं, तुमाले काय मालूम? इचारलं का नीट?"

"कसं इचारू वो बाई? कान नाई, डोये नाईत. बोटं दाबली, त्यानं मुंडी हालवली. सवदा झाला."

"माया लेकाची बायको बइल हाये काय, दुपट्ट्याखाली इकाले?"

"मायी लेक हाये थे. तिचं वय पायलं का तुमी? पाट लावून देईन चांगल्या घरी. जावयाचा राग नाई मले. नशिबाचा हाये."

पाट म्हणजे दुसरं लग्न. आमच्यात ते चालतं, त्यात कुणाला कमीपणा नाही. आणि मी वाचकांपासून लपवत नाही, सासऱ्यांचं म्हणणं मला गैर वाटलं नाही. वेणू तरुण होती. तिने जावं असं म्हणायची माझी तयारी होती. पण ती काय म्हणते?

मी नामदेवाला विचारलं. त्याने लिहिलं, "रडते."

"जावं लागणार म्हणून रडते की राहावं लागणार म्हणून?"

"माहीत नाही."

"विचार तिला."

तो उठून गेला आणि परत आला. "काही बोलत नाही."

दिराजवळ ती काय बोलणार होती? सासूजवळ काय? जे बोलायचं ते माझ्याशी होतं, आणि माझ्याशी बोलायला तिच्याजवळ काहीही नव्हतं. दिवाळी येईपर्यंत मला तिच्याकडून, तिच्या स्वतःच्या हाताने, एक होय किंवा एक नाही हवं होतं. तेवढ्यासाठी मी कामाला लागलो.

तळहातावर अक्षरं काढायला तिला आधी लिहायला शिकावं लागलं असतं. त्याला फार वेळ लागतो. पण सासऱ्यांची ती दोन बोटं माझ्या हातात राहिली होती. आकडा हाताला कळतो. मग अक्षर का कळू नये? आणि मी मराठीचा मास्तर. मुळाक्षरं म्हणजे काय? पाच वर्ग, आणि प्रत्येक वर्गात पाच अक्षरं. हाताला बोटं पाच.

अंगठा म्हणजे क, ख, ग, घ, ङ. त्याच्या शेजारचं बोट च-वर्ग, मधलं ट, अनामिका त, करंगळी प. बोट धरायचं आणि अक्षर जितकं पुढचं तितक्या वेळा दाबायचं. अंगठा तीनदा म्हणजे ग. करंगळी पाचदा म्हणजे म. य, र, ल, व, श यांच्यासाठी सगळी मूठ धरायची. स, ह आणि ळ मनगटावर. काना, वेलांटी, उकार, मात्रा यांना तळहातावर टिचक्या. नुसता अ म्हणजे तळहात झाकायचा. अनुस्वार म्हणजे नखाला नख. ष मी टाकून दिला. ऱ्हस्व-दीर्घही टाकलं, आणि व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ते किती जड गेलं हे व्याकरण शिकवणाऱ्यालाच कळेल. बोटांनी बोलण्याला जुन्या मराठीत करपल्लवी असा शब्द आहे. शब्द मला ठाऊक होता. करून पाहिलेलं माणूस कधी भेटलं नव्हतं.

यात लिहिणं-वाचणं नाही, एवढंच यातलं मोठं. क नंतर ख येतो हे तोंडपाठ असलं की झालं.

मी वेणूला हाक मारली, हे सगळं तोंडाने समजावलं आणि हात पुढे केला. ती आली की नाही हेही मला माहीत नव्हतं. बऱ्याच वेळाने अंगठ्यावर एक बारीक दाब आला. क.

ती मुळाक्षरं कशी पाठ करत होती ते मला नामदेवाने सांगितलं. आमच्या घरी बाया रोज फुलांच्या माळा ओवतात. ती झेंडूची पाच फुलं ओवायची, मग एक पान, मग पाच फुलं, मग पान. फूल ओवताना ओठात अक्षर. पानाशी वर्ग संपला. त्या दिवसांत आमच्या सगळ्या माळा तशा निघायच्या आणि गिऱ्हाइकं म्हणायची, "माळीणबाई, हा नवा नमुना का?"

मी मास्तर म्हणून कडक आहे. ती "मले" दाबायची, मी म्हणायचो, "मला." ती "पानी" दाबायची, मी म्हणायचो, "पाणी, मधलं बोट." मनगटावरचा तिसरा दाब, ळ, तिने कधी दिलाच नाही. "डोये", "केये", "जवय". मी तिचा हात धरून मनगटावर नेऊन ठेवायचो. ती ओढून घ्यायची. एकदा तिने इतक्या जोराने मूठ आवळली की ते य होतं की राग, मला ठरवता आलं नाही.

मग एक दिवस भल्या सकाळी ती घाईने आली, आणि माझ्या हातावर दोन शब्द झाले. "माय गेली."

आई पहाटेच फुलं घेऊन बाजारात जायची. तिला धाप लागायची हे मला माहीत होतं. मी उठून उभा राहिलो. कुठे गेली, केव्हा, मला आधी का नाही सांगितलं, असं मी ओरडलो असेन. मला माझा आवाज कळत नाही, पण नामदेव म्हणतो शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली. मी रडत होतो. वडील गेले तेव्हा रडलो नव्हतो तसा रडलो. कुणी हात धरेना, कुणी काही सांगेना. आई गेली आणि तिचं तोंडही मला पाहता येणार नाही, एवढंच डोक्यात.

मग माझ्या तोंडावर दोन खरखरीत हात आले. त्यांना शेवंतीचा वास होता. आईचे हात.

झालं होतं असं. रामदासपेठेतल्या एका पूजेसाठी मोठी माळ करायची होती, आणि मी दोन दिवस विचारत होतो, माळ गेली का, माळ गेली का. ती एकदाची पोचती झाली म्हणून वेणू मला आनंदाने सांगायला आली होती. माळ गेली. आमच्या बोलीत, माय गेली.

आई हसत होती की रडत होती मला माहीत नाही. तिचं अंग हलत होतं. ती जे बोलली ते नामदेवाने नंतर लिहून सांगितलं: "मी खरंच मेल्यावर असाच रडजो बापा. कमी नको करू."

वेणूला मी म्हणालो, "म्हणून सांगत होतो, ळ म्हण."

तिचा हात आला. सावकाश, एकेक दाब. "आता हार म्हनीन."

मी हसलो. किती दिवसांनी, ते सांगता येणार नाही. तिने ळ शिकायचं नाकारलं होतं आणि शब्दच बदलून टाकला होता. आणि माझ्या लक्षात आलं की ताप आल्यापासून मला कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं. मला पाणी दिलं होतं, अन्न दिलं होतं, माझी दया केली होती. उलट उत्तर हे पहिलंच. त्यानंतर मी तिचं व्याकरण दुरुस्त करणं सोडलं. नामदेवाने लिहिलेलं शुद्ध असायचं, पण ते निरोपासारखं यायचं. वेणूचं "मले" माझ्या हातावर यायचं तेव्हा त्यात तिचा आवाज होता. तोच आवाज, जो कान गेल्यावर मी हरवून बसलो होतो.

आता विचारता येत होतं. मी विचारलं.

"दिवाळीत बाबा येतील. तुला जायचं असलं तर माझी हरकत नाही. जायचं आहे?"

तिचा हात माझ्या हातात होता. तो उचलला गेला.

मी थांबलो. हात पुढेच ठेवला होता. ती समोर बसून होती, उठून गेली होती, रडत होती, मला काही कळायचा मार्ग नव्हता. डोळस माणसाला गप्प बसलेलं माणूस दिसतं. मला हात सुटला की माणूस नाही. भिंत नाही, घर नाही, अकोला नाही. असे कितीतरी दिवस गेले. ती जेवण आणायची, मुक्ताला माझ्या मांडीवर ठेवायची, "गरम हाये" सांगायची. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची नाही. मी ते होय असं धरलं. जायचं असेल तर कोणती बायको ते नवऱ्याच्या हातावर सांगेल?

दिवाळी आली. दिव्यांच्या तेलाचा वास आला. दुसऱ्या दिवशी ओसरी थरथरली, बैलगाडी दाराशी थांबली होती. बिड्यांचा वास आला.

सगळे ओसरीवर बसले. माझ्या खाटेवर एका बाजूला सासरे, दुसरीकडे वेणू. बोलणं चालू झालं असावं, कारण सासरे बोलताना मांडीवर थाप मारतात आणि खाट हलत होती. वेणू बापासमोर तोंड वर करून कधी बोललेली नाही. बाळापूरच्या त्या घरात तशी रीतच नाही.

तिने माझा हात घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती शब्द दाबते तेव्हा मी तो मोठ्याने म्हणतो. बरोबर कळला की नाही हे तिला समजावं म्हणून आम्ही तशी सवय लावली होती. त्या दिवशीही मी तसंच करू लागलो.

"बा," मी म्हणालो. "बाबा."

मला वाटलं, तिचे बाबा काही म्हणत असतील ते ती सांगते आहे.

"बइल. इकाचा. अशीन तं."

खाट हलायची थांबली.

"बाजारात जा."

तोवर मला कळलं होतं. ते मला सांगितलेलं नव्हतं. बैल विकायचा असेल तर बाजारात जा, असं मी, त्यांचा जावई, बी.ए., मोठ्या आवाजात माझ्या सासऱ्यांना त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. मी थांबलो. तिने माझा हात असा दाबला की थांबायची सोय राहिली नाही.

"मले," मी म्हणालो. "कुठी. नाई. जायाचं."

आणि मग माझ्यासाठी, कारण हा दाब हळू होता, तरी सवयीने मी तेही मोठ्यानेच म्हणालो: "आन तुमी. मले इचारल्याबिगर. मुंडी. कावून हालवली?"

पुढे ओसरीवर काय गोंधळ झाला ते मला माहीत नाही. खाट जोराने हलत होती. नामदेवाने नंतर लिहिलं की सगळ्यांत आधी सासरेच हसले, आणि मग उपरण्याने डोळे पुसत आईला म्हणाले, "याहीनबाई, तुमच्या घरी आल्यावर मायी पोरगी बोलाले शिकली वो. माया घरी मुकी होती."

ते जेवले, मुक्ताला फटाके दिले आणि रिकामी गाडी घेऊन परत गेले.

हे मी पुठ्ठ्याला आडवे दोरे बांधून, त्यांच्या आधाराने पेन्सिलीने लिहितो. नामदेव सुवाच्य उतरवून काढतो. नजर परत आली नाही, येणारही नाही. ऐकू येत नाही. एकटेपणा गेला असं मी म्हणणार नाही. खोटं लिहिण्यासाठी मी इतके कष्ट घेत नाही. दिवसातला मोठा भाग मी अजून एकटाच असतो. जेव्हा मळ्यात काम असतं तेव्हा कुणाचा हात मोकळा नसतो, आणि तेव्हा मी जिथे असतो त्या जागेला नाव नाही.

पण ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना एवढं सांगेन. आधी त्याच्या हाताला हात लावा आणि आपण कोण ते कळवा. प्रत्येकाने आपली एक खूण ठरवून घ्यावी. आईची खूण शेवंतीचा वास आहे, तिला वेगळी लागली नाही. त्याला ढकलू नका, आपला दंड त्याला धरू द्या. त्याच्या वस्तू हलवू नका. त्याच्याशी दुसऱ्याच्या मार्फत बोलू नका. शिकलेला भाऊ घरात असला तरी बायकोचं बायकोला बोलू द्या, आईचं आईला. चुकेल, वेळ लागेल, माय गेली होईल. होऊ द्या. आणि त्याच्याशी भांडा. फार दिवस कुणी भांडलं नाही की माणसाला आपण आहोत याचीच शंका येते.

अमरावतीच्या त्या डॉक्टरांचेही आभार मानतो. त्यांनी खोटी आशा लावली नाही. त्यांनी सांगितलं तसं मी नजर होती तोवर पाहून घेतलं, आणि पाहण्यासारखं होतं ते बहुतेक घरातच होतं.

वेणूचे आभार मानायची आमच्यात रीत नाही. ती हे वाचणार नाही, पण नामदेव तिला वाचून दाखवील म्हणून लिहितो. आता ती माझा हात कधी तसाच सोडत नाही. उठायच्या आधी मुठीवर एक दाब देते, मग तळहातावर टिचक्या, मग अनामिकेवर दाब, पुन्हा टिचक्या. येतो. आमच्या वऱ्हाडात बायकाही "येतो"च म्हणतात, आणि निघताना "जातो" कुणी म्हणत नाही. एवढं सांगून ती मळ्यात जाते. मग मी बसून राहतो.